नऊ थंड डब्या

१

दादाची बॅग दाराबाहेर होती, आणि ती बाबांनी भरली होती. हे शेपटीला बघताक्षणी कळलं. दादा बॅग भरतो तेव्हा तिच्यातून एखादी बाही नाहीतर चार्जरची वायर बाहेर लोंबत असते. ही बॅग मात्र चारही कोपरे धरून इस्त्री केल्यासारखी बसली होती. इतकी नीटनेटकी बॅग माणूस फक्त रागातच भरू शकतो.

"अकरा महिने, बाबा," दादा म्हणत होता. "अकरा महिने मी त्या पावडरीला हात लावलेला नाही."

"मग हे काय आहे?" बाबांनी हातातला कागद त्याच्या नाकासमोर नाचवला. "वाच. मोठ्यांदा वाच."

दादाने वाचला नाही. मग शेपटीनेच मान तिरकी करून वाचला. कागद व्यसनमुक्ती केंद्राचा होता. क्रमांक ११८. पट्टी : सापडलं. डबी : थंड. शेरा : रद्द, फसवणूक.

थंड म्हणजे काय हे घरात सगळ्यांना पाठ होतं. माणसाने आत्ता, या क्षणी लघवी दिली तर डबी हाताला कोमट लागते. थंड लागली तर समजायचं की पठ्ठ्याने दुसऱ्या कोणाची तरी बाटलीतून खिशात घालून आणली. म्हणजे दादावर एका दगडात दोन आरोप होते. हेरॉइन घेतल्याचा आणि वर चोरी लपवण्याचा. केंद्राने नाव काढून टाकलं होतं. आणि बाबांची अट पहिल्या दिवसापासून एकच होती : एक वाईट रिपोर्ट आला की घराचा दरवाजा बंद.

दादाने बाबांकडे बघणं सोडून दिलं आणि तो शेपटीकडे वळला. शेपटी हे नाव त्यानेच ठेवलेलं. ती चालायला लागली तेव्हापासून त्याच्या मागे मागे असायची म्हणून. आता ती सोळा वर्षांची होती, यंदा वर्गात सगळ्यात आधी हात वर करायला शिकली होती, कोणाच्या मागे फिरायची तिला काही गरज उरली नव्हती. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"शेपटे, तू तरी?"

शेपटीने आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघितलं. नाड्या अगदी व्यवस्थित बांधलेल्या होत्या.

"केंद्रात मावशीच तपासते, आणि तिची पट्टी चुकत नाही, दादा," ती म्हणाली.

दादाने बॅग उचलली. जिना उतरताना तो एकदाही थांबला नाही. कुठे जातोस असं कोणी विचारलं नाही, कारण कुठे जाणार ते माहीत होतं. भुंग्याकडे. त्याचा जुना मित्र, गॅरेजच्या वरच्या खोलीत राहतो. सगळं सुरू झालं ते त्याच खोलीत, आणि तिथे अजूनही पाणी मागितलं तर आधी पावडर मिळते. तिथला एकेक दिवस म्हणजे दादाच्या अकरा महिन्यांवर ठेवलेला एकेक दगड.

शेपटी शाळेत गेली. पहिल्या तासाला रडू आवरलं. दुसऱ्या तासाला बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या आणि अचानक तिच्या डोक्यात एक प्रश्न टुणकन उडी मारून बसला, तो काही केल्या उठेना.

परीक्षेत कॉपी करायची तर माणूस बरोबर उत्तर कॉपी करतो. मग दादाने दुसऱ्याची लघवी चोरून आणायची, तीही हेरॉइन असलेली, असला अर्धवटपणा तो कशाला करेल?

२

मावशी केंद्राची लॅब सांभाळायची. एक टेबल, एक फ्रीज, एक स्टीलचं कपाट आणि भिंतीत एक छोटी खिडकी, एवढीच ती लॅब. पण मावशी तिथे अशा थाटात बसायची की येणाऱ्याला वाटावं, आपण विमानाच्या कॉकपिटमध्ये शिरलो. आई गेल्यापासून शेपटीची शाळा सुटल्यानंतरची प्रत्येक संध्याकाळ इथेच गेली होती. गृहपाठ, डबा, पहिल्या पाळीचं गुपित, सायन्स घ्यायचं की नाही याची भांडणं, सगळं याच टेबलाशी.

"मावशी, चोर घाण माल कशाला चोरेल?"

मावशीने चष्मा डोक्यावर सरकवला. "आधी बस. पाणी पी. मग कोड्यात बोल."

शेपटीने एका दमात सांगून टाकलं. मावशी ऐकत राहिली. मग तिने शेपटीचा हात धरला.

"बाळा, त्यांची डोकी तेव्हा ठिकाणावर नसतात. ज्याच्याकडून आणली, तोच 'मी स्वच्छ आहे' म्हणून खोटं बोलला असेल. असं होतं."

"एकदा होईल. नेहमी होईल का?"

"नेहमी म्हणजे?"

"तूच म्हणालीस ना, नऊ डब्या रद्द झाल्या. बाकीच्या आठ जणांच्या पट्टीवर काय आलं होतं?"

मावशीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "रद्द झालेल्यांकडे बघायचं नसतं गं. त्या तपासणीतच धरत नाहीत," ती म्हणाली.

तपासणी कशी चालते हे शेपटीला तोंडपाठ होतं, कारण शाळेच्या प्रकल्पासाठी मावशीनेच तिला ते चार चौकोन काढून शिकवलं होतं. आठ महिने केंद्रात ही परीक्षा चालू होती, आणि परीक्षा माणसांची नव्हे, पट्टीची! प्रत्येकाची लघवी दोन भागांत. एका भागात मावशी कागदी पट्टी बुडवायची. पाच मिनिटांत दोन रेघा उमटल्या तर स्वच्छ, एकच उमटली तर सापडलं. दुसरा भाग बर्फाच्या पेटीतून मोठ्या लॅबला जायचा. तिथलं यंत्र कधी गोंधळत नाही, पण उत्तराला तीन आठवडे लावतं. ते उत्तर बंद पाकिटात यायचं आणि कपाटात कुलूपबंद व्हायचं, म्हणजे पट्टी वाचणाऱ्याला ते आधी कळू नये. सोमवारी सगळी पाकिटं उघडून पट्टीशी ताडून पाहिली. एकूण नमुने दोनशे नऊ. थंड म्हणून रद्द नऊ, त्यांची पाकिटं उघडलीच नाहीत, कारण ज्याची लघवी त्याची नाहीच, त्याचं उत्तर बघून करायचं काय? उरले दोनशे. आणि त्या दोनशेत पट्टीची चूक शून्य.

गणिताच्या बाई ते चौकोन बघून हसल्या होत्या. "दोनशेपैकी दोनशे? मग तुमचे पेपर तपासायला मी त्या पट्टीलाच बसवते."

तेव्हा सगळा वर्ग हसला होता, शेपटीसुद्धा. आज तिला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

"मावशी, कोणीतरी दादाला अडकवलंय. मी शोधून काढणार. तू मदत करशील?"

मावशीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "करणार नाही तर काय! पण माझं ऐकशील तर त्या टायवाल्यापासून सुरुवात कर. पट्ट्या त्याच्या कंपनीच्या आहेत. शनिवारी केंद्राची सभा आहे. तिथे पट्टी पास झाली की यापुढे मोठी लॅब बंद, सगळं पट्टीवर. फायदा कोणाचा, सांग?"

शेपटीचे डोळे चमकले. अशी मावशी असल्यावर माणसाला आणखी काय हवं!

३

टायवाला केंद्राच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. उकाड्यातही टाय गळ्याशी घट्ट.

"काका, तुमच्या पट्ट्या कधीच चुकत नाहीत?"

"चुकतात की! खोक्यावरच छापलंय, शंभरात चार-पाच चुकू शकतात म्हणून."

शेपटी चाटच पडली. "मग इथे शून्य कशा चुकल्या?"

"ते मलाही कळेना," टायवाल्याने रुमालाने मान पुसली. "आमच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तू आकडे फुगवतोयस. आता बोल! चांगला निकाल लागला तरी शिव्या मलाच."

"तुम्हाला आत जायला मिळतं? कपाटापर्यंत?"

"आत? अगं, मला पाणी प्यायला जायचं तरी तो खिडकीवरचा हवालदार मिशा पिंजारतो."

खोटं बोलणारा माणूस आपल्याच मालाच्या चुका सांगत बसत नाही. शेपटीने टायवाल्यावर मनातल्या मनात काट मारली आणि थेट डॉक्टरांचं दार ढकललं. गेल्या वर्षीची शेपटी असती तर दारावरची पाटी वाचून परत फिरली असती.

डॉक्टर टेबलावर पाय टेकवून सफरचंद खात होते. पाय झटकन खाली आले.

"मला ११८ नंबरची नोंद बघायचीय. तो माझा भाऊ आहे. बाकीची नावं नकोत, नुसते नंबर दाखवा."

"नावं वहीत नाहीतच," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझी मावशी म्हणते तू फार डोकं चालवतेस."

"कौतुकाने म्हणते की वैतागून?"

डॉक्टर हसले आणि वही पुढे सरकवली.

नऊ ओळींवर लाल शाईची काट होती. शेपटीने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. ११८, सापडलं. १२३, सापडलं. १३१, सापडलं. बोट खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. नऊच्या नऊ सापडलं! नऊ लबाड माणसं, नऊ दिवशी, नऊ ठिकाणांहून दुसऱ्याची लघवी आणतात, आणि एकालाही स्वच्छ मिळत नाही?

आणखी एक गोष्ट होती. "चालू औषध" नावाच्या रकान्यात त्या नऊच्या नऊ ओळींत एकाच गोळीचं नाव होतं, आणि ते नाव तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठे? घरात. दादाच्या उशाशी. महिन्यापूर्वी तो तापाने फणफणला होता तेव्हा.

"डॉक्टर, ही गोळी कशाची?"

"अँटिबायोटिक. केंद्रात तापाची साथ आली होती, तेव्हा काही जणांना दिली. का गं?"

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

डॉक्टरांच्या हातातलं सफरचंद तोंडापर्यंत जाता जाता थांबलं. "दोघांकडे. एक माझ्याकडे, एक तुझ्या मावशीकडे."

शेपटी वही मिटून उठली. मावशीकडे म्हणजे मावशीकडे, तो प्रश्नच नव्हता. राहिला एकच माणूस, आणि तो आत्ता तिच्या समोर बसून सफरचंद चघळत होता.

४

हवालदार खरा हवालदार नव्हता. मिशांमुळे नाव पडलं. त्याची जागा लॅबच्या खिडकीबाहेर, बोळात. संडासातून माणूस डबी घेऊन आला की हवालदार ती हातात घ्यायचा, डबीवर चिकटवलेला उष्णतामापक बघायचा, खिडकी टकटकवून आत सरकवायचा आणि ओरडायचा, "गरम!" आतून मावशी वहीत खूण करायची. खिडकी पुन्हा बंद. लघवी देणाऱ्याचा चेहरा आतल्याला दिसू नये म्हणून ती व्यवस्था.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शेपटी त्याच्या शेजारी स्टुलावर टेकली. "काका, त्या नऊ थंड डब्या आल्या तेव्हा तुम्ही काय ओरडलात?"

"कुठल्या थंड डब्या?"

"ज्या रद्द झाल्या. माझ्या दादाची धरून."

हवालदाराच्या मिशा थरथरल्या. शेपटीला आधी वाटलं तो रडतोय. तो संतापला होता.

"पोरी, आठ महिन्यांत या हातातून एक थंड डबी आत गेलेली दाखव, मिशा उतरवून देतो! थंड डबी मी आत सरकवतच नाही. तिथेच ओततो. माणसाला म्हणतो, बस त्या बाकावर, दोन ग्लास पाणी पी, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा दे. बसवलेत एकेकाला दोन-दोन तास!"

"पण नियम तर वेगळा आहे ना? थंड आली तरी आत पाठवायची आणि तशी नोंद करायची?"

"असेल नियम. एकदा थंड लिहिलं की पोरगा केंद्रातून गेला. कोणी घाबरून करतो असलं काहीबाही. त्याला एक संधी द्यायला माझ्या बापाचं काय जातं?" त्याने आवाज खाली आणला. "दोन-दोन तास बसवतो म्हणून लोकांनी डॉक्टरांकडे तक्रारी केल्या. डॉक्टर इथे येऊन दिवसभर बसले माझ्याजवळ. सगळं पाहिलं, आणि म्हणाले, चालू ठेवा, फक्त कोणाला सांगू नका."

"म्हणजे डॉक्टरांना माहीत होतं?"

"त्यांना आणि मला. बस."

शेपटी स्टुलावरून उठली ती जवळजवळ उडालीच. तिच्या डोक्यात सगळे तुकडे खटाखट जागेवर बसत होते. ती धावत सुटली, अर्थातच मावशीकडे.

५

"सुटलं! मावशी, कोडं सुटलं!"

मावशी हातमोजे काढत होती. "कोण, टायवाला?"

"नाही. आणि डॉक्टरही नाहीत! ऐक." शेपटी टेबलासमोर येरझाऱ्या घालू लागली. वर्गात भाषण करताना घालायची तशाच. "एक. थंड डबी आत कधी आलीच नाही. हवालदारकाका ती बाहेरच ओतून टाकतात, दुसरी घेतात. म्हणजे वहीतलं 'थंड' नंतर लिहिलेलं आहे, आणि साफ खोटं आहे."

मावशीने मोजे टेबलावर ठेवले. एकावर एक, अगदी सावकाश.

"दोन. काट मारलेल्या नऊच्या नऊ पट्ट्या 'सापडलं' म्हणत होत्या. म्हणजे काट उगाच मारलेली नाही, वेचून मारलीय. पट्टी खरी असती तर काट कशाला मारायची? पट्टी चुकली होती म्हणून मारली! नऊही जण तापाची तीच गोळी घेत होते, तीच काहीतरी घोटाळा करत असणार. पण पट्टी चुकली हे ओळखायला मोठ्या लॅबचं उत्तर हवं. म्हणजे कोणीतरी पाकिटं आधीच उघडून पाहिली. किल्ली हवी. किल्ली दोघांकडे."

"डॉक्टर," मावशी म्हणाली. आवाज कोरडा होता.

"मलाही तेच वाटलं होतं! पण डॉक्टरांना हवालदारकाकांची पद्धत माहीत होती. त्यांनी 'थंड' लिहिलंच नसतं, लिहिलं तर पकडले गेले असते. त्यांनी लिहिलं असतं, डबी फुटली, सांडली, काहीही. 'थंड' कोण लिहील? जो बोळात कधी बसलाच नाही. ज्याला वाटतं नियमाप्रमाणे थंड डब्या आत येतच असणार. ज्याला बंद खिडकीच्या आत बसून नुसतं 'गरम' एवढंच..."

शेपटीचे पाय थांबले.

खिडकी समोरच होती. तिच्या खाली मावशीची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर मावशीचा स्वेटर, त्याला शेपटीनेच शिवून दिलेलं बटण. मावशीच्या गळ्यात दोरी, दोरीला किल्ली.

मावशीचा हात किल्लीवर गेला.

"थांबू नकोस," मावशी म्हणाली. "इतकं छान बोलत होतीस."

शेपटीने टेबलाची कड धरली.

"तू मला टायवाल्याकडे पाठवलंस," ती म्हणाली. इतकं सगळं असताना हेच पहिलं तोंडात आलं. "मी तुला म्हटलं मदत कर, आणि तू मला पाठवलंस."

"हो."

"का?"

मावशीने चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती आईसारखी दिसायची, आणि आत्ता तिने तसं दिसू नये असं शेपटीला फार फार वाटलं.

"मोठ्या लॅबचं उत्तर यायला तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांत मी माणसं गमावलीत. पुन्हा घ्यायला लागलेत हे आम्हाला कळायच्या आत संपलेली. पट्टी पाच मिनिटांत सांगते. मी तिच्यासाठी आठ महिने भांडले. सगळ्यांना छातीवर हात मारून सांगितलं, ही चुकत नाही. आणि मग तापाची साथ आली. त्या गोळीने काही पट्ट्या फसतात, हे पुस्तकात आहे, मला माहीत असायला हवं होतं. एक पाकीट मी नुसतं शंका आली म्हणून वाफेवर उघडलं. मग दुसरं. नऊ निघाली."

"मग लिहायचं ना! ही गोळी चालू असेल तर पट्टीवर विश्वास ठेवू नका. एक ओळ, मावशी! एक ओळ लिहिली असतीस तर पट्टीही राहिली असती आणि दादाही!"

मावशीने मोजे उचलून पुन्हा खाली ठेवले.

"एक ओळ," शेपटी पुन्हा म्हणाली.

"लिहायला बसले होते. पण चुकत नाही, चुकत नाही असं इतक्यांदा बोलून झालं होतं की हात वळेना."

"आणि ११८ दादाचा आहे हे माहीत होतं तुला?"

"त्याच्या कार्डावर मीच लिहिलाय तो नंबर."

"गोळीही तूच आणून दिली होतीस. त्याच्या उशाशी बसून त्याला पाजलीस."

"हो."

"मग तरी?"

मावशीने त्या बंद खिडकीकडे तोंड वळवलं. मग जे बोलली ते ती बोलली नसती तर बरं झालं असतं.

"तो आधी इतक्यांदा खोटं बोललाय. मला वाटलं, अजून एकदा बोलला म्हटलं तर कोणाला खटकणार नाही."

६

पुढचं भराभर झालं. मावशीनेच दोरी गळ्यातून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "रद्दचे शेरे न वाचताच मी सह्या करत गेलो," असं म्हणत डॉक्टरांनी नऊ पाकिटं उघडली. चिकटवलेल्या कडा ओल्या होऊन वाळल्यासारख्या सुरकुतलेल्या होत्या. नऊच्या नऊ कागदांवर एकच उत्तर : हेरॉइन नाही. शनिवारच्या सभेत आता वेगळंच काहीतरी वाचलं जाणार होतं. डॉक्टरांनी ११८ चा कागद सही करून शेपटीच्या हातात दिला. "जा, पळ," ते म्हणाले. हवालदाराने बोळातून जाताना तिला सलाम ठोकला. एरवी तिने उलट सलाम ठोकला असता.

मावशी खुर्चीवर बसून होती. शेपटी तिच्यासमोरून गेली.

बसमध्ये शेपटीने तो कागद चार वेळा वाचला. रडायला येत होतं, आणि त्याच वेळी आनंदाची उकळीही फुटत होती. मी शोधलं! कोणालाही जमलं नसतं ते मी केलं! ती मनात वाक्य जुळवत होती. दादा, हे बघ. दादा, ओळख पाहू काय आणलंय. दादा कसा उडी मारेल, कसा तिला उचलून गरगर फिरवेल.

गॅरेजच्या वरचा जिना लोखंडी होता. दार भुंग्याने उघडलं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर उगाचच हसू. तो बाजूला झाला. दादा आत खिडकीशी जमिनीवर बसला होता, बॅग मांडीवर. बॅगेचे कोपरे अजून तसेच होते. त्याने ती उघडलीच नव्हती.

"दादा! तू निर्दोष आहेस!"

तिने कागद पुढे केला. दादाने तो घेतला, वाचला. शेपटीने त्याच वेळी सगळी कहाणी सांगायला सुरुवात केली, एक, दोन, हवालदार, किल्ली, खिडकी. 'मावशी' या शब्दाशी ती अडखळली आणि तोही सांगून टाकला. दादाने डोळे मिटून घेतले.

"मावशी," तो म्हणाला. "तरीच. त्या दिवशी जिन्यात भेटली तर तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, तिलाही माझी किळस आली."

"आता सगळ्यांना कळेल तू खरं बोलत होतास!"

दादाने कागदाची घडी घातली आणि तो तिला परत दिला.

"बाकीच्या आठ जणांना नेऊन दे त्यांचे कागद. त्यांच्या घरीही बॅगा बाहेर पडल्या असतील. मला कशाला? माझं मला माहीतच होतं."

"दादा, मी दोन दिवस नुसती धावतेय तुझ्यासाठी..."

"कळतंय गं. फार हुशार आहेस तू." तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो रागावलेला नव्हता. "पण शेपटे, मी दारात उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा तुला माझा आवाज ऐकू आला नव्हता का? आता कागद बोलला म्हणून तू आलीस. कागद दुसरं काही बोलला असता तर आली असतीस का?"

वर्गात सगळ्यात आधी हात वर करणाऱ्या शेपटीकडे याही प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मावशीने जे केलं ते मावशीने केलं. पण दादाच्या समोर नाड्यांकडे बघत उभी राहिली होती, ती कोण होती?

टेबलावर एक चमचा पडला होता, काळवंडलेला. त्याच्या शेजारी काडेपेटी. तिचा एक प्रश्न थेट जिभेवर येऊन उभा राहिला. दादाने तो तिच्या चेहऱ्यावर वाचला.

"विचार ना," तो म्हणाला. "विचार. घेतलंस का, म्हणून."

"नाही विचारत."

"का?"

"तू सांगशील ते खरं. नाही सांगितलंस तरी चालेल."

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. खाली कोणीतरी हातोडीने पत्रा ठोकत होतं. भुंगा कोपऱ्यात भिंतीला टेकून डुलक्या घेत होता. दादाने बॅग मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाला, "हात लावला नाही. पण आज दुपारी लावला असता. तो चमचा मीच मागितला होता."

शेपटीने मान हलवली. तिने खिशातून फोन काढला आणि बाबांना लावला. बाबा कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. फोन उचलला गेला तेव्हा मागे शिलाई मशिनींची एकच घरघर चालू होती.

"बाबा, दादाला घ्यायला या."

घरघर. मग बाबांचा आवाज. "रिपोर्ट आला का?"

दादा तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की जणू हा प्रश्न येणार यावर त्याने पैज लावली होती आणि ती जिंकून त्याला मुळीच आनंद झालेला नव्हता. कागद तिच्या हातात होता. एका वाक्याचं काम. सही होती, शिक्का होता, बाबा धावत आले असते.

"रिपोर्टचं विचारू नका," शेपटी म्हणाली. "तो म्हणतो त्याने घेतलेलं नाही. तेवढ्यावर येणार असाल तर या."

फोन कट झाला असं वाटून तिने एकदा स्क्रीनकडे बघितलं. चालू होता. मशिनींची घरघर तशीच येत राहिली, आणि मग हळूहळू लांब जाऊ लागली. बाबा चालत असावेत. एक दार उघडल्याचा आवाज आला, ते बंद झाल्याचा आला, आणि सगळं शांत झालं. आता फोनवर नुसता बाबांचा श्वास ऐकू येत होता. तो दादालाही ऐकू येत होता.

"पत्ता सांग," बाबा म्हणाले.